इंग्लंडमधल्या जुन्या मॅनरमध्ये फ्लॅट घेतलाय? मग त्या घराची कुंडली अशी काढा

आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत एक पितळी पाटी आहे, तिच्यावर कोरलंय की हे मॅनर हाउस १७४० साली बांधलं. फ्लॅट दाखवताना एजंटनेही तेच सांगितलं होतं, ब्रोशरमध्येही तेच, आणि आम्हीही भारतातून कोणी आलं की त्यांना पाटीसमोर उभं करून तेच ऐकवायचो, थोरले बाजीराव गेले ना, त्याच वर्षीचं घर आहे बरं का. मग एका हिवाळ्यात मला हा नाद लागला आणि हिवाळा संपेपर्यंत पाटी खोटी निघाली. घर १७४० चं नाहीच. ते कसं कळलं आणि तुमच्या घराचं तुम्हाला कसं कळेल तेच सांगते, कारण लंडनभोवतीच्या उपनगरांत अशी घरं पुष्कळ आहेत, बाहेरून अखंड वाडा आणि आत चौदा-पंधरा फ्लॅट. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंडचे कायदे वेगळे आणि दप्तरंही वेगळी.

सगळ्यात आधी एक, उलटं जायचं. बहुतेक लोक काय करतात तर थेट डूम्सडे बुक म्हणजे विल्यम राजाची जमिनींची नोंदवही उघडतात, १०८६ मध्ये आपल्या गावाचं नाव सापडतं, आणि मग आपण विल्यम राजाच्या काळापासून इथेच राहतोय असं वाटायला लागतं. अहो गाव असणं वेगळं आणि घर असणं वेगळं. आजच्या तारखेपासून एकेक पायरी मागे जायचं, एखादी पायरी सापडली नाही तर तिथेच बसून शोधायची, उडी मारून पुढे जायचं नाही.

आणि पहिली पायरी म्हणजे तुमच्याच घराच्या भिंती, त्याला ना पैसे पडत ना इंटरनेट लागत. माझ्या हॉलच्या छताला कडेने प्लास्टरची पानाफुलांची नक्षी आहे, पण तीन बाजूंनी. चौथ्या भिंतीपाशी ती नक्षी भिंतीत घुसते आणि गायब होते, तेही एका पानाच्या बरोब्बर मध्यावर, कात्रीने कापल्यासारखी. ती भिंत ठोकली तर ढब्ब आवाज येतो, म्हणजे प्लास्टरबोर्ड, बाकीच्या तीन ठोकल्या तर आपलीच बोटं दुखतात. शेजारच्या फ्लॅटमधल्या आजींनी एकदा चहाला बोलावलं तेव्हा मी बोलत आजींशी होते आणि बघत छताकडे होते, पानाचा राहिलेला अर्धा भाग तिथे होता! म्हणजे त्यांचं बेडरूम आणि माझा हॉल मिळून मूळची एक खोली. माझी फायरप्लेस भिंतीच्या मधोमध नसून विचित्र एका टोकाला का आहे तेही तेव्हाच कळलं, ती मूळ खोलीच्या मधोमधच आहे, सरकलीय ती आमची भिंत.

असं सगळ्या घरात फिरा. अरुंद, खडी चढणीची जिन्याची जागा दिसली तर तो नोकरांचा जिना. मोठ्या खिडकीच्या मध्येच मजल्याची स्लॅब आलेली दिसली तर तो मजला नंतर घातलाय. बाहेरच्या विटा बघा, एक वीट आडवी आणि पुढची तोंड बाहेर करून, अशी आलटून-पालटून रांग असेल तर भिंत जाड आणि बहुधा जुनी, सगळ्याच विटा आडव्या लांबीने लावलेल्या असतील तर ती बहुतेक आत पोकळी ठेवलेली विसाव्या शतकातली भिंत, म्हणजे तो भाग नंतर जोडलेला असण्याची शक्यता जास्त. बुजवलेल्या खिडक्यांवर मात्र फार विश्वास ठेवू नका. इथे १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता हे खरं, पण बुजवलेली प्रत्येक खिडकी करापायी बुजवली असं नसतं, खूपदा बाहेरून सारखेपणा दिसावा म्हणून ती मुळातच आंधळी बांधलेली असायची.

आता नावाचं बघू. बिल्डिंगच्या नावात मॅनर आहे म्हणजे ते मॅनर होतं असं अजिबात समजू नका. उत्तर लंडनमध्ये फ्रायर्न बार्नेटला प्रिन्सेस पार्क मॅनर आहे, लांबलचक इटालियन धाटणीची देखणी इमारत, मधे घुमट. ते मूळचं कोल्नी हॅचचं वेड्यांचं इस्पितळ. १८४९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने कोनशिला बसवली, १८५१ मध्ये सुरू झालं, १९०३ च्या आगीत ५० हून जास्त रुग्ण बायका गेल्या, १९९३ मध्ये बंद झालं आणि मग फ्लॅट करून विकताना ते मॅनर झालं. विकणाऱ्याचंही बरोबरच आहे म्हणा, वेड्यांच्या इस्पितळात फ्लॅट कोण घेणार.

आणि खरं मॅनर म्हणजे तरी काय, तर घर नव्हेच. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मॅनर म्हणजे वाडा नाही, वतन. जमीन, तिथली कुळं, त्यांच्याकडून येणारा वसूल, आणि कुळांचे व्यवहार नोंदवणारं मॅनरचं स्वतःचं कोर्ट, या सगळ्याला मिळून मॅनर म्हणायचे, आणि वतनदार जिथे राहायचा ते मॅनर हाउस. कित्येकदा तो तिथे राहायचाही नाही. कुळाच्या जमिनीची नोंद कोर्टाच्या दप्तरात व्हायची आणि त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा कागद, म्हणून त्या हक्काला कॉपीहोल्ड म्हणत. ही पद्धत १९२६ च्या १ जानेवारीला संपली, पण दप्तरं सांभाळून ठेवायचा कायदा झालाय, आणि कुठल्या मॅनरचं दप्तर कुठे आहे याची यादी नॅशनल आर्काइव्ह्ज म्हणजे सरकारी दप्तरखान्याच्या साइटवर मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर नावाने फुकट बघता येते. तुमच्या गावाचं मॅनर त्या यादीत आहे का आणि त्याचं घर म्हणजे तुमचंच घर का, हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा. मी नाही ठेवले आणि फसले, त्यावर येतेच पुढे.

कागदपत्रांत पहिला नंबर लँड रजिस्ट्रीचा, म्हणजे जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा. सरकारी साइटवर जायचं, गूगलवर पहिल्या दिसणाऱ्या जाहिरातीवर नाही, तिथे तोच कागद भलत्याच भावात विकणारे बसलेत. टायटल रजिस्टर ७ पाउंड, टायटल प्लॅन आणखी ७ पाउंड, २०२४ च्या डिसेंबरपर्यंत ३ होते. तुमच्या फ्लॅटचं लीझहोल्ड म्हणजे भाडेपट्ट्याचं टायटल तर काढाच पण संपूर्ण बिल्डिंगचं फ्रीहोल्ड म्हणजे जमिनीसकट कायम मालकीचं टायटलही काढा, खरा खजिना त्यात असतो. मालक कोण वगैरे वाचून झालं की शेवटच्या भागाकडे जा, चार्जेस रजिस्टर म्हणतात, बहुतेक लोक ते कर्जाचं काहीतरी असेल म्हणून सोडून देतात. तिथे लिहिलेलं असतं की ही जमीन अमुक तारखेच्या खरेदीखतातल्या अटींना बांधील आहे, आणि पुढे त्या अटी. आमच्या रजिस्टरमध्ये विसाच्या दशकातलं खरेदीखत निघालं, विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, आणि अटी काय तर इथे दारूचा गुत्ता काढायचा नाही, विटा भाजायच्या नाहीत, रस्त्यावरून दिसेल असे कपडे वाळत घालायचे नाहीत. माझी साडी बाल्कनीत वाळत होती त्या दिवशी. तर हसण्यावारी नेऊ नका, त्या एका नोंदीत इस्टेट कधी फुटली, कोणी फोडली आणि तिचे प्लॉट पाडायचा बेत होता, हे सगळं आलं. रजिस्टरमध्ये एखादा दस्त फाइल केलाय असं लिहिलं असेल तर त्याची कॉपी वेगळी मागवता येते, मागवाच.

एक मात्र लक्षात ठेवा, जमीन विकली की रजिस्टर केलीच पाहिजे हे संपूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये १९९० च्या डिसेंबरपासून आलं. त्याआधीची खरेदीखतं वकिलांच्या कपाटात असायची आणि रजिस्टर झाल्यावर कित्येकांनी ती सरळ फेकून दिली. अपवाद म्हणजे मिडलसेक्स आणि यॉर्कशर. मिडलसेक्समध्ये १७०९ पासून दस्तांची नोंद व्हायची आणि ती बाडं लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. आजचं उत्तर आणि पश्चिम लंडन म्हणजे बरंचसं जुनं मिडलसेक्स, हॅरो, वेम्बली, साउथॉल, हाउन्सलो, म्हणजे आपल्या लोकांची वस्ती जिथे तिथेच.

तुमच्या लीझचा कागद घरीच असेल, नसला तर वकिलाकडून घ्या. कटकटीचं वाचन आहे पण त्यातल्या पहिल्या पानावरची तारीख आणि मूळ लँडलॉर्ड बघा. बिल्डिंगमधल्या सगळ्यात जुन्या लीझची तारीख म्हणजे घराचे फ्लॅट झाले त्याच्या लगेच नंतरचा काळ. त्यावरून पुढची पायरी, कौन्सिलचं प्लॅनिंग खातं. आजची प्लॅनिंगची पद्धत १९४८ च्या १ जुलैपासून सुरू झाली, त्यामुळे त्यानंतर कधीही फ्लॅट झाले असतील तर अर्ज सापडायला हवा. अलीकडचे अर्ज साइटवर पत्ता टाकला की दिसतात, जुने मायक्रोफिश म्हणजे फिल्मच्या कार्डांवर असतात, ईमेल करून मागावे लागतात, आमच्याकडे उत्तर यायला दोन महिने आणि तीन आठवणीची पत्रं लागली.

पण त्या अर्जात जे मिळतं ना ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. दोन नकाशे असतात, आहे ती स्थिती आणि करायची ती स्थिती. आहे त्या स्थितीचा नकाशा म्हणजे तुमच्या घराचा तुकडे होण्याच्या आदल्या दिवशीचा फोटोच. आमच्या नकाशात माझा हॉल आणि आजींचं बेडरूम मिळून एक खोली दाखवलीय आणि तिच्यावर लिहिलंय स्टाफ रूम, कारण मधली पंचवीसेक वर्षं इथे शाळा होती. मी इतके दिवस मनातल्या मनात तिथे बॉलरूम नाचवत होते.

अर्ज गेल्या वीसेक वर्षांतला असेल तर त्याला हेरिटेज स्टेटमेंट जोडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. बिल्डरने पैसे देऊन तज्ज्ञाकडून करून घेतलेला घराचा सगळा इतिहास, जुने नकाशे एकाखाली एक लावलेले, फोटो, सगळं. म्हणजे अर्धं काम आयतं. वाचा जरूर, फक्त ते कशासाठी लिहिलंय ते विसरू नका. बिल्डरला जो भाग पाडायचा असतो तो भाग नेमका कमी महत्त्वाचा निघतो, असा माझा अनुभव आहे, आणि मी आतापर्यंत अशी सात-आठ स्टेटमेंटं वाचलीत.

घर लिस्टेड म्हणजे संरक्षित इमारतींत आहे का ते हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत बघा, फुकट आहे. ग्रेड एक, ग्रेड दोन स्टार, ग्रेड दोन अशा तीन पायऱ्या, नव्वद टक्क्यांवर घरं ग्रेड दोनच असतात. जुनी वर्णनं चार ओळींची आणि फक्त दर्शनी भागाची असतात, त्यावरून आतल्या वस्तूंना संरक्षण नाही असा अर्थ काढू नका. आतलं बाहेरचं सगळं आलं, आणि आवारात १९४८ च्या १ जुलैआधीपासून असलेली बांधकामंही बहुधा आलीच, बागेची भिंत, तबेला, सगळं. परवानगीशिवाय खिडकी बदलली तर तो फौजदारी गुन्हा आहे, दंड नुसता नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या एकाने जुन्या सॅश म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या लावल्या आणि मग पुन्हा लाकडी करून घ्याव्या लागल्या, दोन्ही वेळचा खर्च त्याचाच.

आता नकाशे, आणि इथे तुमचे दोन-तीन रविवार जाणार ते गृहीत धरा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने, हो स्कॉटलंडचीच, इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे सरकारी मोजणी खात्याचे नकाशे फुकट टाकलेत, आणि जुना नकाशा आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून खालची पट्टी सरकवली की एकातून दुसरं उगवतं. मैलाला २५ इंच या मापाचे नकाशे घ्या, १८५० च्या दशकापासून पुढे काढलेले, त्यात एकेक झाड, कारंजं आणि पाण्याचा पंपसुद्धा दाखवलाय. आधी मोठं घर शोधा, मग त्याच्याकडे जाणारा वळणदार रस्ता, त्याच्या टोकाला फाटकाशी छोटंसं घर म्हणजे लॉज, भिंतीने बंद केलेला चौकोन म्हणजे भाजीची बाग, एखाद्या ठिकाणी आइस हाउस म्हणजे बर्फ साठवायची घुमटी. हा-हा असं लिहिलेलं दिसलं तर कोणी थट्टा केलेली नाही, गुरं बागेत येऊ नयेत पण घरातून बघताना कुंपण दिसूही नये म्हणून खणलेला एका बाजूने उभा चर, त्याला हा-हाच म्हणतात.

मग पुढची आवृत्ती लावा, मग त्याच्या पुढची. इथे काय होतं ते प्रत्येकाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. पार्कच्या कडेने आधी घरांची एक रांग येते. मग रेल्वे स्टेशन येतं. मग एक आवृत्ती अशी येते की पार्क गेलंच, त्या जागी सारखी सारखी जोडघरं, आणि मधे आपलं मोठं घर जेमतेम अंगणासकट उरलंय, पूर आल्यावर टेकडीवर अडकलेल्या गायीसारखं. आमच्या मागचा रस्ता उगाचच एस आकाराने वळतो, ड्रायव्हिंग शिकताना मी त्याला शिव्या घातल्यात, तर तो जुना बग्गीचा रस्ता निघाला, बिल्डरने नवीन खडी पसरायचा खर्च वाचवला असणार. त्या रस्त्याच्या मधोमध एक अवाढव्य सीडरचं झाड आहे, ते पंचवीस इंची नकाशात त्याच जागी ठिपक्याने दाखवलंय. रस्त्यांची नावंही बघा, लॉज, पॅडॉक, ऑर्चर्ड, पार्क असलं काही असेल तर नकाशात ती वस्तू तिथेच सापडते बहुतेक. म्हणूनच म्हणते, नुसतं घर घेऊन बसू नका, इस्टेट शोधायची तर सगळी गल्ली शोधा.

त्याच्याही मागे जायचं तर टायद मॅप. चर्चला धान्याचा दशांश देण्याऐवजी पैसे द्यायचे असं १८३६ च्या कायद्याने ठरलं, मग कोणाची किती जमीन हे मोजायला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावचे नकाशे झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि सोबतच्या यादीत त्या नंबरसमोर मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, काय पिकतं, किती एकर. आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हे वाचायला इथल्या लोकांपेक्षा सोपं जातं, खरंच. सगळ्या गावांचे नाहीत, पण बऱ्याच गावांचे आहेत.

आणि इथेच पाटी पडली. १८४० च्या दशकातल्या आमच्या गावच्या टायद मॅपवर आमचं घर आहे तिथे घर नाहीच! शेत आहे, मालकीही मॅनरवाल्याचीच, पण शेत. मॅनर हाउस दाखवलंय ते चर्चच्या पलीकडे, तिथे आज टायरचं दुकान आणि पार्किंग आहे. १८६० च्या दशकाच्या शेवटच्या ऑर्डनन्स नकाशात मात्र जुनं घर गायब आणि आमचं घर हजर. म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत कोणीतरी जुनं पाडून वर उंचावर नवीन बांधलं आणि जुन्याचं नाव नव्याला दिलं. १७४० खरं असेलही, पण ते त्या टायरच्या दुकानाच्या जागेवरच्या घराचं. पाटी लिहिणाऱ्याने मॅनर हाउस हे नाव कुठेतरी वाचलं आणि तारीख उचलली, मीही तेच केलं असतं.

मग आणखी एक दप्तर आहे ज्याच्यासाठी बहुधा लंडनच्या क्यू नावाच्या भागात नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये स्वतः जावं लागतं, १९१० चा व्हॅल्युएशन सर्व्हे. तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याने जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर कर लावायचं ठरवलं म्हणून देशातली प्रत्येक मालमत्ता मोजली गेली. आधी नकाशावर आपल्या घराचा नंबर शोधायचा, मग त्या नंबरची फील्ड बुक म्हणजे मोजणीची वही, ती आयआर ५८ या मालिकेत. मालक, भाडेकरू, खोल्या, तबेल्यात किती घोडे, घराची हालत, किंमत. पोर्ट्समथ-साउथॅम्प्टनकडची युद्धात गेली, बाकी बरीच शिल्लक आहेत. तिथे जाताना ओळखीचे दोन पुरावे न्या, रीडर्स तिकीट फुकट मिळतं, पेन चालत नाही फक्त पेन्सिल, मोबाइलने फोटो काढता येतात. डबा खालच्या मजल्यावर खायचा. एका दिवसात होत नाही, झालं असं वाटलं तर काहीतरी राहिलंय.

माणसं कोण होती हे बघायला जनगणना. १८४१ पासून १९२१ पर्यंत दर दहा वर्षांनी, शंभर वर्षं झाली की खुली होते. १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि १९५१ ची २०५२ शिवाय दिसणार नाही, म्हणून मधलं भगदाड भरायला १९३९ चं रजिस्टर, युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबरला घेतलेलं. बऱ्याच लायब्ऱ्यांत यातल्या पैशाच्या साइट फुकट बघता येतात, घरी पैसे भरायच्या आधी विचारा. वाचताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. १८९१ च्या पानावर आमच्या घरात फक्त एक हाउसकीपर आणि दोन पोरी, मी लगेच अनुमान काढलं की कुटुंब देशोधडीला लागलं. ते फक्त त्या रात्री लंडनमधल्या दुसऱ्या घरी होते, आठ नोकर घेऊन. जनगणना म्हणजे एका रात्रीचा हिशेब.

जुनी वर्तमानपत्रं ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर शोधता येतात. तिथे माणसाचं नाव न टाकता घराचं नाव टाका. लग्नं-मयतीच्या बातम्या निघतातच पण मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या नोकर पाहिजे च्या छोट्या जाहिराती, कारण स्वयंपाकीण, माळी, कोचमन मागणारं घर पैशात आहे आणि पंधरा वर्षांनी एकच सगळी कामं करणारी बाई मागणारं घर घसरलंय, हे कुठल्या इतिहासात लिहिलेलं नसतं. आणि लिलावाच्या जाहिराती. लिलावाचं छापील पुस्तक निघायचं, नकाशा, लॉट नंबर, खोल्यांची मापं, ते काउंटी रेकॉर्ड ऑफिसात किंवा गावच्या लायब्ररीतल्या लोकल स्टडीज विभागात मिळण्याची शक्यता चांगली.

इस्टेटी का विकल्या, या प्रश्नाला लोक हमखास एकच उत्तर देतात, वारसा कर. तो होताच, १८९४ मध्ये आला, १९१९ मध्ये सगळ्यात मोठ्या इस्टेटींना ४० टक्के झाला आणि १९४९ मध्ये ८० टक्के. पण त्याआधीच १८७० च्या दशकापासून अमेरिकेचं स्वस्त धान्य यायला लागून शेतीचा वसूल पडला होता, आणि १८८२ च्या कायद्याने ज्याला पूर्वी इस्टेट नुसती सांभाळून पोराला द्यावी लागायची त्यालाही विकायची मोकळीक मिळाली. आणि उपनगरात तर माझ्या मते खरी गोम रेल्वेत आहे. स्टेशन आलं की त्याच एकराची किंमत गवतापेक्षा घरांसाठी कितीतरी पट, मग गवत कोण ठेवतो. मेट्रोपॉलिटन रेल्वेने तर १९१५ पासून मेट्रोलँड म्हणून जाहिरातीच केल्या. आपल्याकडे मेट्रो येणार म्हटल्यावर शेतं कशी बिगरशेती होतात ते बघितलेल्याला हे समजावून सांगायला नको.

जमीन गेली तरी घर उरायचं, आणि घराचं काय करायचं हा प्रश्न असायचा. शाळा, हॉटेल, कॉन्व्हेंट, इस्पितळ, युद्धात लष्कर, मग कौन्सिलचं ऑफिस. स्टॅनमोरच्या बेंटली प्रायरीत हे जवळपास सगळंच झालं. नावाप्रमाणे तिथे आधी ख्रिस्ती मठ होता, १७८८ पासून सोन नावाच्या मोठ्या वास्तुविशारदाने अबरकॉर्नच्या उमरावासाठी घर वाढवलं, विल्यम चौथ्याची विधवा राणी ॲडलेड १८४९ मध्ये तिथेच वारली, मग रेल्वेचा कंत्राटदार, मग हॉटेलवाला फ्रेडरिक गॉर्डन, त्याने पाहुणे यावेत म्हणून १८९० मध्ये स्टॅनमोरपर्यंत रेल्वेच आणली, मग मुलींची शाळा, १९२६ मध्ये हवाई दल, आणि १९४० ची ब्रिटनची लढाई तिथूनच लढाऊ विमानदलाचा प्रमुख डाउडिंग याने चालवली. हवाई दल २००८ मध्ये गेलं, आता तिथे फ्लॅट आणि एक म्युझियम. तुमच्या घराच्या यादीत राणी नसेल, बाकीचे टप्पे बघा कसे जुळतात.

मधली बरीच घरं मात्र पाडलीच. लिस्टेड इमारत पाडायला आधी परवानगी घ्यायलाच हवी हे १९६८ च्या कायद्याने आलं, त्याआधी नुसती नोटीस दिली की भागायचं. त्यानंतर पाडता येत नाही आणि एकट्याला परवडत नाही, मग फ्लॅट. आपण त्यात राहतोय ते या कायद्याच्या कृपेने.

पैसा कुठून आला हेही बघाच, आपण नाही बघायचं तर कोणी. गुलामगिरी बंद करताना १८३३ च्या कायद्याने मालकांना, गुलामांना नव्हे, दोन कोटी पाउंड भरपाई दिली, ती कोणाला किती मिळाली याची यादी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ऑनलाइन टाकलीय, मालकाचं नाव टाकून बघा. आणि ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरं ब्रिटिश लायब्ररीत. एशरचं क्लेअरमाँट क्लाइव्हने घेऊन नव्याने बांधायला घेतलं, आणि पेशवाई बुडताना पुण्यात रेसिडेंट असलेला आपला एलफिन्स्टन निवृत्त होऊन सरेमध्ये लिंप्सफील्डजवळच्या हुकवुडला राहिला, १८५९ मध्ये तिथेच वारला. आमच्या घराच्या जुन्या मालकाचा धंदा साबणाचा निघाला. मी थोडी निराश झाले, खोटं कशाला सांगू.

शेजाऱ्यांना विचारायचं शेवटी ठेवा, आधी नाही. आधी विचारलंत तर भुताची गोष्ट आणि चर्चपर्यंत जाणारं भुयार, एवढंच मिळतं, अशा प्रत्येक घराला भुयार असतंच. पण हातात नकाशा आणि तीन नावं घेऊन गेलात की आठवणी नेमक्या येतात. आजींनी मला सांगितलं की स्टाफ रूममध्ये त्यांची मोठी बहीण मास्तरीण होती आणि ती फायरप्लेस धूर कोंडायची म्हणून विटांनी बंद केली, त्या विटा अजून आहेत आत.

हे सगळं लिहिताना प्रत्येक वाक्यासमोर कुठल्या कागदावरून, तो कागद कुठे, नंबर काय, हे लगेच टाका. मी पहिले दोन महिने टाकलं नाही आणि नंतर तेच पान पुन्हा शोधायला क्यूला फेरी झाली. झालं की एक प्रत लोकल स्टडीज विभागाला द्या, ते आनंदाने ठेवतात.

दुसरी प्रत मी मॅनेजिंग एजंटला पाठवली, पाटी बदलाल का म्हणून. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की माहितीबद्दल आभार, नवीन पाटीचा खर्च सर्व्हिस चार्जमध्ये धरावा लागेल, सर्व फ्लॅटधारकांची हरकत नाही ना ते विचारून कळवावं. विचारलं. १७४० च राहू दे म्हणाले, विकताना बरं पडतं.